फर्निचरचा वास आणि घोलवडचा चिकू

"काय गं, हे ड्रममध्ये ठेवलेलं होतं का?"

ग्लास नाकाशी नेऊन बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. पाठोपाठ दुसरा: "लाकडाच्या?" आणि मग निकाल: "नव्या फर्निचरचा वास येतोय."

बाबांनी तारापूर एमआयडीसीत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रिअ‍ॅक्टरच्या शेजारी. कुंभवलीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून आज वारा कोणत्या बाजूने आहे, हे ते झाडाची पानं न बघता सांगतात. वाइन मात्र ते आयुष्यात चौथ्यांदा पीत होते, तीही चहाच्या काचेच्या ग्लासातून, कारण आमच्याकडे दुसरे ग्लास नाहीत. बाटलीवर काय लिहिलंय, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, शिवाय आदल्या रात्री लोकलमध्ये मोबाइलवर बरंच वाचलंही होतं. त्यामुळे मला 'व्हॅनिला, टोस्ट, पिकलेलं अननस' असा वास येत होता. बाबांना कपाटाचा येत होता.

आमच्या दोघांत समीक्षक कोण, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. ते कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

बाटली होती 'फ्रातेल्ली'ची 'व्हिते शार्डने'. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तीन घरच्या भावांनी मिळून २००७च्या सुमारास हे काम सुरू केलं: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. अकलूज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊस, साखर कारखाना आणि निवडणूक येते. तिथे सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात फ्रान्सच्या गार भागातलं शार्डने हे द्राक्ष लावायचं आणि टस्कनीच्या पिएरो मासी नावाच्या वाइनमेकरच्या हाती द्यायचं, हा आडदांडपणा मला आवडतो. हीच मंडळी स्टीलच्या टाकीतली साधी शार्डनेही करतात. व्हिते मात्र फ्रेंच ओकच्या पिंपातून येते. मला दोन्हींतला फरक बघायचा होता, म्हणजे त्या लाकडाने नेमकं काय केलं ते.

लाकडाचं काम समजायला अवघड नाही. ओकचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं. ते बांधताना आतून आगीवर शेकतात. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, म्हणजे व्हॅनिलाचा वास. लाकडातल्या साखरी जळून कॅरॅमलसारखा, भाजल्या बदामासारखा वास येतो. ओकमध्ये लॅक्टोन नावाची संयुगं असतात, ती खोबऱ्याच्या वासाची. अमेरिकन ओकमध्ये ती जास्त, फ्रेंचमध्ये कमी. थोडा लवंगेचा वास, थोडा धुराचा. शिवाय फळ्यांमधून अगदी किंचित हवा आत येत राहते आणि वाइनचे कोपरे घासले जातात. जिभेला जी हलकी पकड जाणवते, ती लाकडातल्या टॅनिनची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पिंपाचा वास जवळजवळ संपतो आणि ते नुसतं भांडं उरतं.

एक गोष्ट मात्र ओकच्या खात्यावर चुकून जमा होते, ती म्हणजे लोण्याचा वास. जवळजवळ प्रत्येक रिव्ह्यूमध्ये 'ओकी, बटरी' हे जोडनाव असतं. लोणी लाकडातून येत नाही. वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, त्या वेळी डायअ‍ॅसिटिल तयार होतं. लोण्याचा वास त्याचा. आपल्या घरच्या विरजणातही हेच चालतं. ज्या भाषेत ताक-लोण्यासाठी इतके शब्द आहेत, त्या भाषेत वाइनवर लिहिणाऱ्याने हे जिवाणूंचं काम फ्रान्समधल्या झाडाला बहाल करावं, हे मला पटत नाही.

आता 'लाइटली ओक्ड' या शब्दाकडे येते, कारण माझं खरं भांडण त्याच्याशी आहे.

या शब्दाला कसलंही मोजमाप नाही. किती महिने पिंपात, किती टक्के वाइन पिंपात, पिंप नवं की जुनं, हे काहीही त्यातून कळत नाही. शब्द जन्मला तोच माफीनामा म्हणून. १९७६मध्ये स्टीव्हन स्पुरिअर नावाच्या इंग्रज वाइनविक्रेत्याने पॅरिसमध्ये चाचणी घेतली. फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता चव घेतली आणि पांढऱ्या वाइनमध्ये पहिला नंबर दिला कॅलिफोर्नियाच्या शातो माँतेलेनाच्या १९७३च्या शार्डनेला. त्यानंतर जगभर शार्डने लावण्याची झुंबड उडाली. पुढची दोन दशकं कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात तिच्यात इतकं लाकूड घातलं गेलं की लोकांना वीट आला. 'शार्डने सोडून काहीही द्या' असं म्हणणारी आख्खी पिढी तयार झाली. मग बाटल्यांवर लिहून यायला लागलं: बिनओकची, हलक्या ओकची. म्हणजे 'आता आम्ही तसं करत नाही' असं गिऱ्हाइकाला दिलेलं वचन. हाच स्पुरिअर म्हातारपणी आपल्या अकलूजला येऊन मासींबरोबर 'एम/एस' नावाने वाइन करून गेला, हा या गोष्टीचा मला आवडणारा शेवट. २०२१मध्ये तो वारला.

तर, तिकडे ज्यांना लाकडाचा उबग आला होता, त्यांच्यासाठी तो शब्द होता. आपल्याकडे कोणाला कधी उबग आला? आपण अजून फर्निचर ओळखतोय. तरी शब्द तसाच उचलला आणि आपले रिव्ह्यू 'लाइटली ओक्ड' ही स्तुती असल्यासारखे लिहितात. मी दोन वर्षं असे रिव्ह्यू वाचून वाइन घेत आलेय. गूजबेरी मी कधी खाल्लेली नाही. लिहिणाऱ्यांतल्या किती जणांनी खाल्लीये, देव जाणे.

पैशाचं गणित मात्र खरं आहे. नवं फ्रेंच पिंप युरोपातच आठशे-हजार युरोच्या घरात जातं. २२५ लिटर म्हणजे ७५० मिलीच्या ३०० बाटल्या. एकाच वर्षाचा वापर धरला तर बाटलीमागे तीन युरो नुसते लाकडाचे. पिंप तीन वर्षं वापरलं तर एक युरो. त्यात वाहतूक आणि पिंपातून उडून जाणारी वाइन धरलेली नाही. म्हणून बरेच जण स्टीलच्या टाकीत ओकच्या ढलप्या सोडतात. २००६पासून युरोपियन युनियननेही त्याला परवानगी दिली आहे. ढलप्यांनी वास येतो, पण ती किंचित हवा येत नाही. चहाच्या बाबतीत म्हणायचं तर ताजी वेलची कुटून घालणं आणि वेलची फ्लेवरची पावडर टाकणं यात जेवढा फरक, तेवढा.

ढलप्यांवरून आठवलं. गेल्या वर्षी मी घरी एक 'ओक एज्ड' बाटली आणली होती, नाव सांगत नाही. वर व्हॅनिला घमघमत होता. बाबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "एथिल अ‍ॅसिटेट." मी हसले. ते हसले नाहीत. "अगं, नेलपॉलिशचा. तुझ्या आईला विचार." आईने लांबूनच हो म्हटलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की बिघडू लागलेल्या वाइनमध्ये हाच वास येतो, हेच त्याचं नाव आणि तज्ज्ञही तो असाच ओळखतात. जिथे वाइन कमजोर असते तिथे लाकडाचा वापर पडद्यासारखा होतो. नवखी जीभ पडदा बघून खूश होते. माझी झाली होती.

मग परवाच्या बाटलीचं काय? सांगते. फ्रीजमधून काढल्या काढल्या ती कशाचीच लागत नव्हती, फक्त गार आणि आंबट. चार डिग्रीवर कोणत्याही पांढऱ्या वाइनचं तोंड बंद असतं. बोईसरच्या उकाड्यात ती दहा मिनिटांत बोलायला लागली. आधी लाकूड, भरपूर. 'हलकं' मुळीच नाही. बाबांचं कपाट खरं होतं. मग त्याखालून पिकलेल्या फळाचा गोडसर वास आणि शेवटी गिळल्यावर उरणारी थोडी कडसर पकड, जशी अक्रोडाच्या सालीची असते. आंबटपणा बेताचाच होता. आपल्याकडे द्राक्ष फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात पिकतं, साखर भराभर चढते आणि आंबटपणा पळून जातो, हे त्यामागचं कारण असावं. आंबटपणा कमी असलेल्या वाइनला लाकूड आधार देतं, पण तोल चटकन लाकडाकडे जातो. इथे तो जरासा गेलाय असं माझं मत. तरी ही बांधीव, प्रामाणिक वाइन आहे. बांगड्याच्या तिखट कालवणाबरोबर ती बिचारी झाली. साध्या तळलेल्या बोंबलाबरोबर मात्र उभी राहिली, एवढंच नाही तर बोंबलाने तिचं लाकूड अर्धं खाल्लं. तिखट नको, तूप-तेल चालेल, हा माझा सल्ला.

अर्धी बाटली उरली. आईने ती वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रीजमध्ये ताकाच्या पातेल्यामागे लपवली, कारण संध्याकाळी शेजारच्या काकू यायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. घोलवडहून मामा आला होता. दुपारी बाबांनी स्वतःहून बाटली काढली, दोन बोटं ओतली, ग्लास बाजूला ठेवून पेपर वाचला आणि वीसेक मिनिटांनी वास घेतला. "आता चिकू," म्हणाले.

मी ग्लास घेतला. एका रात्रीच्या हवेने ते नवं लाकूड मऊ झालं होतं. त्याच्या जागी भाजक्या साखरेचा, गुळमट, किंचित मातकट वास होता. खरंच चिकू. पिकून आता तासाभरात ओघळेल असा. मामाने वास घेतला आणि नुसती मान हलवली. त्याची वाडी चिकूची आहे; त्याला विचारायचं म्हणजे मासळी बाजारात मासा ओळखायला सांगण्यासारखं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हे लोक फ्रान्सच्या जंगलातून ओक तोडतात, दोनेक वर्षं सुकवतात, पिंप करतात, शेकतात, जहाजातून आणतात, त्यात शार्डने महिनोन् महिने ठेवतात. हे सगळं कॅरॅमलचा वास आणि टॅनिनची पकड मिळावी म्हणून. आणि बोईसरपासून वाणगाव, डहाणू रोड, घोलवड एवढ्याच अंतरावर एक फळ आहे, ज्यात हे दोन्ही जन्मतःच असतं. कच्चा चिकू चावला की तोंड आवळतं ते टॅनिनने. ओकच्या टॅनिनपेक्षा जात वेगळी, पण पकड ओळखीची. पिकताना ते कमी होत जातं आणि कॅरॅमल वर येतो. पिंपात दीड वर्ष जे घडवतात, ते कालीपत्तीच्या झाडावर आणि मग पेंढ्यात चार दिवसांत घडतं.

मी हे काही नवीन शोधलेलं नाही. घोलवडला लागून असलेल्या बोर्डीत 'हिल झिल वाइन्स' हे काम कधीपासून करतेय. प्रियांका सावे आणि नागेश पै यांनी ती सुरू केली. सावे कुटुंब तिथलंच, बागायतीतलं. त्यांची 'फ्रुझान्ते' चिकूपासून होते आणि बारीक बुडबुड्यांची असते. इटालियनमध्ये कमी फसफसणाऱ्या वाइनला फ्रिझान्ते म्हणतात, त्यावरून हे नाव. मी ती पहिल्यांदा प्याले तेव्हा 'छान, हलकी, गोडसर' म्हणून विसरून गेले. चूक माझी. मी तिच्यात द्राक्ष शोधत होते. चिकूत आंबटपणा जवळजवळ नसतो, म्हणून त्याची वाइन करणाऱ्याला ती बाजू स्वतः उभी करावी लागते आणि तिथेच खरी कसरत आहे. बुडबुडे त्याला मदत करतात, कारण ते जिभेवर आंबटासारखंच काम करतात. हे मला व्हितेचा दुसऱ्या दिवशीचा ग्लास प्यायल्यावर समजलं. आता फ्रुझान्ते पिताना मला बुडबुड्यांमागचा तो गुळमट वास थांबून घ्यावासा वाटतो. ती थंडगार, उडत्या मूडमध्ये प्यायची म्हणून विकली जाते आणि तसं विकणं बरोबरच आहे, धंदा चालायला हवा. पण तिच्यावर कोणी सविस्तर लिहीत नाही. ओकवाल्या शार्डनेवर पानंच्या पानं, आणि चिकूच्या वाइनवर 'बोर्डीच्या ट्रिपमध्ये ट्राय करा' एवढी एक ओळ. बोर्डीच्या चिकू महोत्सवाच्या फोटोंखाली तर तीही नाही, नुसत्या इमोजी.

कोणी म्हणेल, द्राक्षाची वाइन ती खरी, बाकी सरबतं. हे म्हणणाऱ्याला मी शार्डनेचा आणि चिकूचा दाखला मागेन. दोन्ही परदेशी. शार्डने फ्रान्सची, चिकू मेक्सिकोकडचा. तिथे त्याच्या चिकापासून च्युइंगगम करायचे. फरक एवढाच की चिकू इतकी वर्षं इथे राहिला की २०१६मध्ये 'डहाणू-घोलवड चिकू' म्हणून त्याला जीआय मानांकन मिळालं. अकलूजची शार्डने त्या मानाने कालपरवाची. मला दोन्ही हव्यात. पण घराण्याची गोष्ट काढायचीच असेल तर चिकू जिंकतो.

यात मला काही पडलेलं आहे, ते लपवत नाही. मामाची वाडी आजोबांनी लावलेली. पावसाळ्यात बुरशीने फळगळ होते, बी पोखरणारी अळी वेगळीच. कारखान्यांच्या धुराला दोष देणारेही वाडीवाल्यांत खूप आहेत; बाबा आणि मामा एका ताटात जेवताना तो विषय निघत नाही. चिकू टिकत नाही, हे सगळ्यांत मोठं दुखणं. तोडला की चार-पाच दिवस, त्यात बाजाराने म्हटला तो भाव. मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे आणि मी बोईसर-अंधेरी करत कोड लिहिते. आमच्यापैकी कोणी वाडीत परत जाणार का, हे घरात कोणी विचारत नाही.

२७ जानेवारी २०२२ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा मामा टीव्हीसमोरून उठला नव्हता. एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं, दुसरी म्हणाली महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बारगळला. वाइन म्हणजे दारू नाही, असं जे सांगितलं गेलं ते मला पटलं नव्हतं. दारूच आहे, राज्यात एकवीस वर्षांखालच्यांना ती मिळत नाही ते उगाच नाही. आमच्या पट्ट्यात ताडीने बसलेली घरं मी पाहिली आहेत. पण त्या सगळ्या गदारोळात एकाही माणसाने विचारलं नाही की ही फळांची वाइन लागते कशी. चांगली आहे का? जी वस्तू कशी लागते हे बोलायची आपल्याकडे सोय नाही, तिच्या बाजूने आणि विरुद्ध एवढं कसं बोलता येतं?

म्हणून मला समीक्षा हवी आहे, आणि ती गूजबेरीतून नको. बाबांनी तीन शब्द दिले: फर्निचर, एथिल अ‍ॅसिटेट, चिकू. तिन्ही अचूक. पहिल्याने पिंप ओळखलं, दुसऱ्याने दोष, तिसऱ्याने ती वाइन एका रात्रीत कुठे पोचली ते. मला अजून एक वाइन प्यायची आहे, चिकूची, बिनबुडबुड्यांची, कोरडी, गोडी न ठेवलेली आणि लाकडाला अजिबात न दाखवलेली. जमेल की नाही, माहीत नाही. आंबटपणा कुठून आणायचा, हा प्रश्न राहतोच. आवळा? करवंद? डहाणूच्या डोंगरात करवंदांना तोटा नाही.

हे मी मामाला सांगत होते तेव्हा तो ग्लासाच्या तळाशी उरलेला घोट हलवत बसला होता. मध्येच म्हणाला, "एका बाटलीला किती चिकू लागत असतील गं?"

मी म्हटलं, बघून सांगते. तोवर त्याने खिशातून परवाच्या मालाची पट्टी काढली, उलटी केली आणि बाबांकडे पेन मागितलं.